टाकीतलं लाकूड: शोधण्यापासून बुडवण्यापर्यंत

फिश टँकमध्ये घालायच्या लाकडाबद्दल विचारणारा बहुतेक जण थेट उकळण्यावरच येतो. किती तास उकळू, मीठ घालू का, ब्लीच चालेल का? प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. लाकूड टाकीत नांदणार की नासणार हे तुम्ही ते जमिनीवरून उचलता तेव्हाच बरंचसं ठरलेलं असतं. चुकीचा तुकडा कितीही उकळला तरी चुकीचाच राहतो.

हे मला माझ्या पहिल्याच तुकड्याने शिकवलं. दिसायला देखणा होता. हरणाच्या शिंगासारखे तीन फाटे, साल गळून गेलेली, वरून राखाडी. दोन तास उकळला, दोन दिवस भिजवला आणि टाकीत ठेवला. दहाव्या दिवशी सकाळी पाणी दुधट दिसलं आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. लाकूड बाहेर काढून करवतीने मधोमध कापलं, तर आत बोटभर जाडीचा ओलसर, पिवळट भाग आणि कच्च्या लाकडाचा तो ओळखीचा वास. वरून वाळलेलं, आतून कच्चं. कच्च्या लाकडातल्या रसात साखर आणि पिष्ट असतं. पाण्यातल्या जिवाणूंना ती मेजवानीच; ते भराभर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात. मासे वर आले होते ते त्यामुळे.

म्हणून या लेखात निवडीवर जास्त वेळ घालवणार आहे.

कुठे शोधायचं

नदी किंवा तलावाच्या काठी, पूर ओसरल्यावर जिथे काटक्यांचा आणि पाल्याचा ढीग अडकतो, तिथून सुरुवात करा. पाण्याच्या अगदी कडेला पडलेल्या तुकड्यांपेक्षा वरच्या बाजूला, दगडांच्या खाचेत वर्ष-दोन वर्षं अडकून पडलेले तुकडे चांगले. ऊन, पाऊस, पुन्हा ऊन असं त्यांनी बरंच सोसलेलं असतं. मऊ भाग झडून जातो, कठीण तेवढं उरतं. आपलं अर्धं काम निसर्गाने आधीच केलेलं असतं.

फांद्यांपेक्षा मुळं बघा, असं मी नेहमी सांगतो. मुळांना वळणं असतात, ती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत जातात, आणि टाकीच्या छोट्या जागेतसुद्धा मोठ्या झाडाचा भास देतात. सरळसोट फांदी पाण्यात काठीसारखीच दिसते. उन्मळून पडलेल्या जुन्या झाडाचा बुंधा सापडला तर तास-दीड तास तिथेच जातो, हे गृहीत धरा.

उचलण्याआधी प्रवाहाच्या वरच्या बाजूला काय आहे ते पाहा. कारखान्याचं सांडपाणी, गटार किंवा औषधफवारणी होणारी शेती असेल तर तिथलं लाकूड नको. लाकूड स्पंजासारखं असतं. आत काय मुरलंय ते वरून दिसत नाही. समुद्रकाठचं लाकूड वापरता येतं, पण त्यात मुरलेलं मीठ काढायला कित्येक आठवडे लागतात. राखीव जंगल, उद्यान, खारफुटीचा पट्टा अशा ठिकाणी पडलेलं लाकूड उचलायलाही अनेकदा मनाई असते, त्यामुळे आधी विचारून घ्या. आणि ओंडका उलटवल्यावर खाली कुणाचा संसार थाटलेला दिसला, तर तो होता तसा ठेवून पुढे जा.

हातात घेऊन पारख

आधी नख. अंगठ्याचं नख जोरात रोवून बघा. खूण उमटली तर हरकत नाही, पण नख आत घुसलं तर लाकूड कुजायला लागलंय. कुठे वरवर मऊ असेल तर तेवढं खरवडून काढता येतं. आरपार मऊ असेल तर सोडून द्या.

मग आवाज. दुसऱ्या कठीण लाकडाने ठोका. नीट वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं किंवा कुजलेलं ‘थप’ असं बसकं. त्यानंतर वास. मातीचा, जुन्या लाकडाचा वास चालेल. राळेचा, तेलाचा, डांबराचा किंवा तिखट औषधी वास आला तर नको. सालीचा तुकडा उरला असेल तर तो चाकूने उचकटा. खाली हिरवट किंवा ओलसर थर दिसला तर लाकूड अजून तयार नाही. भोकं असतील तर ती जुनी आहेत का बघा. भोकातून ताजा, पिठासारखा भुसा पडत असेल तर आत किडे अजून कामात आहेत.

शेवटी एक टोक करवतीने कापा. माझ्या त्या पहिल्या तुकड्याचं टोक मी आधी कापलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. कापलेला भाग कडेपासून मध्यापर्यंत सारखा कोरडा दिसला पाहिजे. शंका असेल तर तुकडा सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. अंगठ्याएवढ्या फांदीला काही महिने पुरतात. जाड लाकडासाठी सुतारकामातला जुना ठोकताळा इंचाला एक वर्ष असा आहे, तो इथेही ध्यानात ठेवा.

झाड कोणतं होतं हे कळलं तर उत्तम. ओक, बीच, सफरचंद, पेरू यांसारखी कठीण लाकडं नीट वाळलेली असतील तर चांगली टिकतात. पाइनसारखी राळेची झाडं टाळा. निलगिरीसारखं तेल असलेलं लाकूड टाळा. चीक गळणारी आणि विषारी झाडं, उदाहरणार्थ कण्हेर, तर लांबच ठेवा. झाड ओळखता येत नसेल आणि लाकडाला कसलाही विचित्र वास किंवा चिकटपणा असेल, तर मोह आवरा. वाळलेल्या लाकडांना जगात तोटा नाही.

फर्निचरचे तुकडे, प्लायवूड, कुंपणाचे जुने खांब यांचा विचारही नको. त्यांत डिंक, रंग, वाळवीचं औषध असतं. वाळवी लागू नये म्हणून मुरवलेल्या लाकडात अनेकदा तांबं असतं, आणि कोळंबी व गोगलगायींना पाण्यातलं थोडंसं तांबंही मारून टाकतं.

विकतचं लाकूड घेणार असाल तर स्वभाव ठाऊक असू द्या. मोपानी आफ्रिकेतून येतं. ते दोन रंगांचं आणि जड असतं, बहुधा लगेच बुडतं, पण पाण्याला रंग भरपूर सोडतं. स्पायडर वूडच्या बारीक फाट्यांवर सगळेच भाळतात. ते आठवडेच्या आठवडे तरंगतं आणि त्यावर पांढरी बुरशी हमखास येते. चोला म्हणजे वाळलेल्या निवडुंगाचा जाळीदार सांगाडा. कोळंबीला त्यात लपायला फार आवडतं, पण इतरांच्या मानाने तो लवकर झिजतो. विकतच्या लाकडालाही पुढची सगळी प्रक्रिया लागते. ‘तयार’ असं लिहिलेलं असलं तरी.

कापणं आणि साफ करणं

भिजवण्याआधी माप घ्या. नुसती टाकीची लांबी-रुंदी पुरत नाही. वरची काचेची पट्टी आडवी येते, आणि बाहेर छान दिसणारा तुकडा तोंडातून आत जातच नाही. मी टाकीच्या तळाएवढा पुठ्ठा कापतो, त्यावर लाकूड वेगवेगळ्या कोनांत उभं-आडवं करून बघतो, मग नको तो फाटा कापतो. कापलेलं टोक वाळूत जाईल किंवा मागे वळेल असं पाहायचं. करवतीचा सपाट काप समोर आला की सगळा देखावा खोटा वाटतो.

साल सगळी काढा. ती पुढेमागे सुटतेच, आणि तोवर तिच्याखाली घाण साठते. सुकी साल निघत नसेल तर उकळल्यावर सहज निघते. मऊ झालेले भाग पेचकसाने खरवडत कठीण लाकूड लागेपर्यंत जा. मग वाहत्या पाण्याखाली कडक नायलॉन ब्रशने घासा. तारेच्या ब्रशचे तुटलेले केस भेगांत अडकून गंजतात, म्हणून तो नको. साबण किंवा भांडी घासायची पावडर कुठल्याही टप्प्यावर नाही, थेंबभरसुद्धा नाही.

टोकं सँडपेपरने बोथट करा. लांब परांचे बेट्टा किंवा गोल्डफिश असतील तर जुना नायलॉनचा मोजा लाकडावरून फिरवून बघा. जिथे मोजा अडकला तिथे पर फाटणार.

उकळणं

उकळण्याने तीन गोष्टी साधतात. किडे, त्यांची अंडी, बुरशी आणि बरेचसे जंतू मरतात. रंग सोडणारं टॅनिन बाहेर यायला लागतं. आणि लाकूड बुडायच्या वाटेला लागतं. हे तिसरं कसं होतं ते समजून घेतलं की पुढची एक चूक टळते.

लाकूड तरंगतं ते त्यातल्या हवेमुळे. लाकडाच्या पेशींच्या भिंतींची स्वतःची घनता पाण्याच्या साधारण दीडपट असते. म्हणजे आतली हवा जाऊन तिथे पाणी भरलं की जवळपास कुठलंही लाकूड बुडणारच. उकळताना आतली हवा फुगते आणि बारीक बुडबुड्यांच्या माळा सोडत बाहेर पडते. लाकडाच्या कापलेल्या टोकाकडे बघत राहिलात तर त्या स्पष्ट दिसतात. नंतर गार होताना आत उरलेली हवा आणि वाफ आकसते आणि ती जागा भरायला बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून उकळून झाल्यावर लाकूड चिमट्याने बाहेर काढून ताटात गार करत ठेवायचं नाही. त्याच पाण्यात, पूर्ण बुडालेलं, रात्रभर राहू द्या. बाहेर काढलंत तर पाण्याऐवजी पुन्हा हवाच आत जाते.

एका वेळी एक ते दोन तास मंद उकळी पुरे. पाणी गडद झालं की ओता, नवं भरा, पुन्हा उकळा. अशा दोन-तीन फेऱ्या करा. दिवसभर उकळत ठेवण्यात शहाणपण नाही. लाकडाचे धागे सुटायला लागतात आणि ते लवकर झिजतं. भांडं असं घ्या की जे पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही. घरचं नेहमीचं पातेलं वापरलं तर टॅनिनचं तपकिरी कडं घासून जात नाही, आणि त्यावरून होणारी बोलणी वेगळी.

मोठं लाकूड भांड्यात मावत नसेल तर आधी एक टोक उकळा, मग उलटं करून दुसरं. तेही जमत नसेल तर मोठ्या टबमध्ये ठेवून वरून उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, गार झालं की बदला, आणि हे चार-पाच दिवस करा. टबचं प्लास्टिक उकळतं पाणी सोसणारं आहे ना ते आधी तपासा. ओव्हन आणि मायक्रोवेव्हचे प्रयोग करू नका. लाकूड आतून पेट घेऊ शकतं.

मिठाची गरज मला कधी भासली नाही. ब्लीचच्या मी विरोधात आहे, कारण लाकूड ते आत ओढून घेतं आणि पुढे हळूहळू सोडत बसतं.

भिजवणं

इथे घाई करणारे फसतात. बादलीत किंवा टबमध्ये लाकूड पूर्ण बुडेल असं ठेवा, वर जड दगड ठेवा, आणि डास होऊ नयेत म्हणून झाकण घाला. पहिला आठवडा रोज पाणी बदला, नंतर दोन-तीन दिवसांनी. जड लाकूड आठवड्यात तयार होतं, हलक्याला दोन-तीन महिनेही लागतात. सुरुवातीला पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. पाणी बदलल्यावर दोन दिवसांनीही बादलीचा तळ स्वच्छ दिसायला लागला की बरंच काम झालं.

समुद्रकाठचं लाकूड असेल तर नजरेवर विसंबून चालत नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र, घ्या. ताज्या पाण्याचं माप लिहा, लाकूड बुडवा, २४ तासांनी पुन्हा मोजा. मीठ असेल तर आकडा भसकन वर जातो. तो जेमतेम हलेपर्यंत पाणी बदलत राहा. टॅनिनमुळे थोडा फरक राहील, तो सोडून द्या.

शेवटचा आठवडा पाणी न बदलता लाकूड तसंच ठेवा आणि मग पाण्याचा वास घ्या. मातकट वास असेल तर ठीक. आंबट किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते लाकूड टाकीसाठी नाही, मग त्यावर कितीही मेहनत झालेली असो.

तरीही बुडत नसेल तर

एकदा मी महिनाभर भिजवूनही तरंगणाऱ्या तुकड्यावर टाकीतच दगड ठेवून दिला. रात्री दगड घसरला, लाकूड उसळलं, नुकतीच लावलेली झाडं मुळांसकट वर आली, आणि दगड काचेपासून दोन बोटांवर पडला. तेव्हापासून दगड वर ठेवत नाही, खाली बांधतो.

त्यासाठी पाटीच्या दगडाची सपाट फरशी घ्या. तिला भोक पाडा, खालून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घालून लाकडात पिळा. लाकडालाही आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर ते चिरतं. पितळेचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू वापरू नका. धातू पाण्यात उतरतो. फरशी रिकाम्या टाकीच्या तळाशी ठेवून वरून वाळू पसरली की काहीच दिसत नाही. वाळूवर फरशी ठेवली तर मासे खाली उकरतात आणि सगळं कलंडतं.

लाकूड दोन काचांमध्ये ठोकून अडकवायचा मोह होतो. अजिबात नको. लाकूड पाणी पिऊन धाग्यांच्या आडव्या दिशेने काही टक्के फुगतं. लांबीच्या दिशेने मात्र जेमतेम. आज घट्ट बसलेला तुकडा दोन आठवड्यांनी काचेवर दाब द्यायला लागतो. चारी बाजूंना बोटभर जागा सोडा, काच पुसायलाही ती लागतेच.

टाकीत गेल्यावर

झाडं लावायची असतील तर लाकूड बाहेर असतानाच लावा. अनुबियास आणि जावा फर्न लाकडावर छान वाढतात. त्यांचं आडवं खोड मात्र भेगेत कोंबू नका, ते कुजतं. जेल स्वरूपातल्या सुपरग्लूचा एक थेंब पुरतो. तो पाण्यात कडक होऊन पांढरा दिसतो, म्हणून पानाआड लावा. मॉस, म्हणजे शेवाळासारखी बारीक वनस्पती, सुती दोऱ्याने गुंडाळा. दोरा कुजून जाईपर्यंत मॉसने लाकूड धरलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात लाकडावर पांढरा, कापसासारखा बुळबुळीत थर येईल. इथे नवखे लोक घाबरून सगळी टाकी रिकामी करतात. लाकडात उरलेल्या साखरेवर वाढणारी ती बुरशी आणि जिवाणू आहेत. खाणं संपलं की दोन ते चार आठवड्यांत थर आपोआप जातो. कोळंबी आणि गोगलगायी त्यावर तुटून पडतात. फारच डोळ्यांना खुपला तर जुन्या टूथब्रशने घासून नळीने ओढून घ्या.

पाणी पिवळसर होत राहील. ते विष नाही. कार्डिनल टेट्रा हा छोटा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या ज्या रिओ नेग्रो नदीत राहतो तिचं पाणी असंच गडद आणि आम्लधर्मी असतं. बेट्टा, टेट्रा, डिस्कस यांना हे मानवतं. रंग नकोच असेल तर दर आठवड्याला थोडं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घाला. पीएच किती उतरेल, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी होईल, हे पाण्याच्या कार्बोनेट कठीणतेवर (केएच, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) अवलंबून आहे. केएच चार डिग्रीच्या वर असेल तर एखाद्या तुकड्याने फारसा फरक पडत नाही. एक-दोन असेल तर पहिले काही आठवडे दर दोन दिवसांनी मोजा. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिड माशांना कठीण, अल्कधर्मी पाणी लागतं. त्यांच्या टाकीत मी लाकूड घालत नाही, दगड घालतो.

ब्रिसलनोज प्लेको हा तळाशी राहणारा मासा पाळला असेल तर तो लाकूड खरवडत बसेल आणि खाली भुशासारखी विष्ठा साठेल. लाकूड कुजतंय असं समजू नका. कुजणं ओळखायचं ते स्पर्शाने: काळपट डाग, बोटाने दाबल्यावर खचणारी जागा, उचलल्यावर सुटणारा सडका वास. जागा छोटी असेल तर बाहेर काढून खरवडा, उकळा आणि परत ठेवा.

आणि टाकी धुवायला काढाल किंवा हलवाल तेव्हा लाकूड ओट्यावर ठेवू नका, पाणी भरलेल्या बादलीत ठेवा. चार दिवस कोरडं पडलं की आत पुन्हा हवा शिरते, ते तरंगायला लागतं, आणि मग पातेलं परत गॅसवर चढवावं लागतं.